नलूच्या मशीनचा बाजार

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून झालं, माणसं हात धुऊन ओसरीवर टेकली, आणि रूपरावानं विषय काढला. पोळ्याला ढोल्यांच्या घरचं झाडून सारं माणूस कारंज्याजवळच्या या गावी जमत असे. बोलायचं ते याच दोन दिवसांत बोलून घ्यायचं, हे आता घराच्या अंगवळणीच पडलं होतं.

"नागपूरवाले काय म्हणतात ते सांग सगळ्यायले," तो बहिणीला म्हणाला.

नलू खांबाला टेकून बसली होती. भावंडांत धाकटी. नागपूरला संख्याशास्त्र शिकली, तिथल्याच एका कंपनीत दोन वर्षं कॉम्प्युटर शिकली, आणि परत येऊन वर्ध्यात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत स्वतःची कंपनी काढून बसली. कंपनी म्हणजे ती आणि पवनारची तिची मैत्रीण धुरपता. दोघींनी मिळून एक प्रोग्राम लिहिला होता. शेकडो माणसांची नावं, गावं, व्यवहार त्यात साठवायचे आणि हवं ते बटन दाबून समोर आणायचं. त्याला डेटाबेस म्हणतात, हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. समजलं होतं ते थोड्यांनाच.

"प्रोग्राम त्या नागपूरच्या कंपनीले देऊन टाकाचा," नलू म्हणाली. "वर नाव त्याहीचं. मले तिथं पक्की नोकरी. दसऱ्याच्या आत हो का नाई ते कळवाचं आहे."

"अन् धुरपता?" थोरल्या सूनबाई विमलाबाईंनी विचारलं.

"तिचं त्याहीनं नावच नाई काहाडलं, वयनी."

आई आनंदाबाई वाती वळत होत्या. "पक्की असन तं घे ना बाई. नागपूर काई लंकेत नाई."

"मी तिच्या वाईटाचं सांगून राह्यलो का?" रूपराव म्हणाला. तो गावी राहून शेती पाहायचा आणि बोलण्यात आडपडदा ठेवायचा नाही. "वर्स झालं दुकान उघडून. एक गिऱ्हाईक नाई. दादा, तुमीच सांगा."

सगळे प्रभाकररावांकडे पाहू लागले. ते थोरले. आर्वीला त्यांची धान्याची अडत होती, आणि वडील, बापूजी, थकल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचाच असे. नलूला वर्ध्याच्या खोल्या त्यांनीच पाहून दिल्या होत्या. ती काय म्हणते ते न समजताही 'कर' म्हणणारे पहिले तेच. म्हणून ते आता काय बोलतील याबद्दल नलूला फारशी काळजी नसावी.

"घे नोकरी," प्रभाकरराव म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

नलूनं आत जाऊन दार ओढून घेतलं. तो आवाजच त्यांच्या पाठीला लागला.

असं का म्हणालो, हे त्यांना ठाऊक होतं. उन्हाळ्यात त्यांनी स्वतः आर्वीच्या व्यापाऱ्यांना आपल्या अडतीवर बोलावलं होतं. आर्वीचा बाजार माझ्या तळहातावर आहे, असं ते नलूला छातीवर हात ठेवून म्हणाले होते. कॉम्प्युटरचं मशीन गोधड्यांत गुंडाळून वर्ध्याहून एसटीनं आणलं. नलूनं बटन दाबलं की कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्यानं किती तूर आणली, काय भाव लागला, हे हिरव्या अक्षरांत समोर येई. व्यापारी मान डोलावत होते, चहा पीत होते. मग ताराचंद शेठ, ज्यांच्या शब्दावर अर्धी गल्ली चाले, हसत म्हणाले, "प्रभाकरभाऊ, मशीन चांगली आहे. पण हिच्या पोटातलं बाहेर काहाडाले एक बटन लागते, अन् बटन कोणालेही दाबता येते. माह्या पोटातलं माह्या बायकोलेही नाई समजत." सगळे हसले. कोणी वाईट बोललं नाही आणि कोणी घेतलंही नाही.

त्या दिवसापासून प्रभाकररावांच्या मनात काहीतरी मोडलं होतं. पोरीचा माल खोटा नव्हता. आपल्या हातून तो विकला गेला नाही. जन्मभर दुसऱ्यांचा माल विकणाऱ्या माणसाला बहिणीचा एक माल विकता येऊ नये, याची त्यांना लाज वाटत होती. नागपूरवाल्यांनी तो उचलला तर ती लाज तरी झाकली जाईल.

जेवणानंतर विमलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. ठेवून जाण्याऐवजी उभ्याच राहिल्या.

"तुमच्यानं इकल्या गेलं नाई, म्हणून तिनं कायले इकून टाकावं?" त्या म्हणाल्या.

प्रभाकरराव बायकोकडे पाहू लागले. वीस-बावीस वर्षांच्या संसारात या बाईनं एकदाही त्यांच्या धंद्यात तोंड घातलं नव्हतं.

पोळा चांगला झाला. बापूजींची बैलजोडी तोरणाखाली पहिल्या मानानं उभी राहिली. पांढरीशुभ्र, उंच, गवळाऊ जातीची जोडी. बापूजींकडे या जातीची जनावरं तीन पिढ्यांपासून होती. शिंगांना बेगड लावलेली ती जोडी पाहायला डॉक्टर कडू आर्वीहून दरवर्षी येत. ते जनावरांचे डॉक्टर, तालुक्याच्या दूध संघाच्या नोकरीत. पोळा फुटल्यावर ओसरीवर पुरणपोळी खायला बसत, आणि खाता खाता त्यांचं रडगाणं सुरू होई. ते घरात कोणी फारसं ऐकत नसे.

त्या दिवशी प्रभाकरराव शेजारीच बसले होते आणि मन कशात नसल्यामुळे ऐकत होते.

"तुमचं बरं आहे बापूजी," डॉक्टर म्हणत होते. "तुमचा सांड तुमच्या गोठ्यात. संकराच्या गाईचं काय सांगू? आमी विलायती वळूच्या बीजाची सुई देतो. कोण्या वळूच्या बीजाची कांडी होती ते संघाच्या केंद्रावर रजिस्टरात लिवतो. मंग गाय इकल्या जाते दुसऱ्या गावी. तीन वर्सानं तिची कालवड माजावर येते, मालक तिले जवळच्या केंद्रावर नेते. तिथं कोणाले ठाव, तिचा बाप कोणता? हाती आली ते कांडी देली. झाली बापाचीच कांडी लेकीले."

"अन् मंग?" प्रभाकररावांनी विचारलं.

"मंग काय. वासरू मरतुकडं. जगलं तं दूध नाई. लोक म्हणतात सुईच वाईट, अन् आमच्या संघाले शिव्या देतात."

"पण बाप कोणता ते रजिस्टरात असते ना लिवलेलं?"

"असते ना. पण गठ्ठ्यात. या केंद्रावरचं त्या केंद्राले कसं कळाव? मी माह्या डोक्यात किती ठेवू?"

प्रभाकररावांचा हात ताटातच थांबला. बाजारात उभं असताना, भाव फिरण्याच्या जरासं आधी, कानामागं एक मुंगी चालल्यासारखं त्यांना नेहमी होई. आत्ता तसंच झालं. ताराचंद शेठना जे झाकायचं होतं, तेच या माणसाला हवं होतं आणि मिळत नव्हतं. आपण घरोघरी संत्री पिकणाऱ्या कारंज्यात बसून संत्री विकत होतो, त्यांच्या मनात आलं.

मग त्यांनी अडत्यासारखे एकामागून एक प्रश्न विचारले. केंद्रं किती. गावं किती. शिव्या कोणाच्या दारात जातात. सही कोणाची चालते. जिल्ह्यात असे आणखी संघ किती, अमरावतीकडे किती. डॉक्टर आधी हसून सांगत होते, मग हसायचे थांबले.

"काऊन इचारून राह्यले?"

"पोळी खा तुमी," प्रभाकरराव म्हणाले आणि हात न धुताच परसात गेले.

नलू चुलीपाशी भांडी आवरत होती. कालपासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

"नलू, तुह्या प्रोग्रामात माल आणणाऱ्या पार्टीच्या जागी गाय बसन का?"

तिनं मान वर केली. चेष्टा करताहेत की काय, हे पाहिलं. मग प्रभाकररावांनी डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. सांगता सांगता तिचा चेहरा बदलत गेला. आधी राग गेला, मग ती त्यांच्याकडे पाहिनाशीच झाली. चुलीतल्या राखेत बोटानं रेघा ओढू लागली.

"गाय बसन," ती म्हणाली. "पण गाईले माय-बाप असते, दादा. पार्टीले नसते."

"म्हणजे?"

"व्यापाऱ्याच्या यादीत एका नावाचं दुसऱ्या नावाशी काई नातं नाई. इथं गाईची माय बी गाय, तिची माय बी गाय, अन् सगळ्या एकाच यादीत. एकीवरून दुसरीकडं जाता आलं पायजे. मले सगळं खालून वर पुन्हा लिवा लागन."

"लिव मंग."

"कालच तं म्हणलं तुमी, नोकरी घे."

"काल मले बाजार दिसला नव्हता," प्रभाकरराव म्हणाले.

रात्रीच्या पंगतीत त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा रूपरावानं घास खाली ठेवला. "दादा, रोज शब्द फिरवला तं कसं व्हाव? दसऱ्यापरेंत नाई जमलं, अन् नागपूरची बी गेली, तं तिले कोण पाहीन?"

"मी पाहीन," वाढता वाढता विमलाबाई म्हणाल्या. "माह्या घरी राहीन ते. धुरपता आली तं ते बी."

घरच्या थोरल्या सुनेनं पंगतीत बोलण्याची ही पहिलीच वेळ होती. आनंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग नलूकडे. काल नागपूर म्हणणाऱ्या त्याच आनंदाबाई हळूच म्हणाल्या, "दसऱ्याले महिना आहे अजून."

रूपरावानं बापूजींकडे पाहिलं. बापूजींनी ताक संपवलं. "डॉक्टर खोटं नाई बोलत," ते म्हणाले. "माह्या डोळ्यादेखत लोकायनं चांगली जनावरं खराब केली. पोरगी काई करत असन तं करू द्या तिले."

रूपरावानं खाली ठेवलेला घास उचलला.

डॉक्टर कडूंनी आर्वीच्या आसपासच्या केंद्रांची जुनी रजिस्टरं संघाच्या अध्यक्षांना विचारून वर्ध्याला आणून दिली. प्रभाकरराव बाजार नसेल त्या दिवशी वर्ध्याला जात. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत. धुरपता वाचून दाखवी आणि नलू टाइप करी. धुरपता हळू आवाजाची, बारीक अंगाची. पण केंद्रावरच्या कंपाउंडरचं कसलंही अक्षर तिला लागे. एकच गाय तीन मालकांकडे तीन नावांनी निघायची. कुठं चंद्री, कुठं कपिला. मग कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावरून दोघी ती एकच आहे का ते जुळवत. बिल्ला नसेल तिथं नलू जागा रिकामी सोडे.

"अंदाजानं लिवून टाक ना," एकदा प्रभाकरराव म्हणाले. "तारखेवरून तं दिसते सरळ."

"नाई दादा. माहीत नाई ते माहीत नाई. एक अंदाज घुसला का बाकीच्यावरचा बी भरोसा गेला."

जन्मभर प्रभाकररावांनी अंदाजावर धंदा केला होता आणि चांगला केला होता. आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीनं माणूस इतकं पक्कं असू शकतं, हे ते त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा पाहत होते. पाहायला बरं वाटत होतं. येताना ते दोघींसाठी आर्वीहून चिवडा आणू लागले.

घटस्थापनेच्या आत संघाच्या संचालकांची बैठक लागली. मशीन पुन्हा गोधड्यांत गुंडाळून एसटीनं आर्वीला निघालं. नलू आणि धुरपतानं ते प्रिंटरसकट संघाच्या ऑफिसात टेबलावर मांडलं. अध्यक्ष महादेवराव मोठ्या देहाचे, पान खाऊन सावकाश बोलणारे. बाकीचे संचालक भोवती. त्यांत नत्थूजी नावाचे एक वयस्क शेतकरी होते. ते येतानाच म्हणाले होते की ढोरांच्या कामात बायका आणि मशिनी दोन्ही नकोत.

प्रभाकररावांना वाटलं होतं, पोरगी इथं शहरी बोलेल. ती घरच्यासारखी बोलली. "तुमच्या कोण्याही गाईचा बिल्ला नंबर सांगा. तिची माय, तिचा बाप, तिले कवा कोणती सुई देली, सगळं दाखवतो."

"माह्या गाईचा सांग," नत्थूजी म्हणाले. नंबर त्यांना पाठ होता.

नलूनं तो टाइप केला. हिरवी अक्षरं उमटली. नत्थूजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून ती बोट ठेवून वाचू लागली. गाईचा बाप अमुक नंबरचा वळू. मागच्या वर्षी गाईला सुई दिली ती... ती थांबली. पुढच्या ओळीवर तोच नंबर होता.

"काय झालं?" महादेवरावांनी विचारलं.

"तोच वळू आहे," नलू म्हणाली. "बापाचीच कांडी देल्या गेली."

नत्थूजींचा चेहरा काळवंडला. गिऱ्हाइकाच्या घरचं उणं चार माणसांत काढायचं नसतं, हा बाजाराचा पहिला नियम. प्रभाकरराव घाईनं पुढं झाले. "नत्थूजी, टाइप करताना चूक झाली असन. नवं मशीन आहे..."

"चूक नाई, दादा," नलू म्हणाली. आवाज चढला नव्हता. "धुरपतानं अन् मी एकूणएक नोंद दोनदा ताडून पाह्यली. दोन केंद्रायच्या रजिस्टरात तसंच आहे. नत्थूजी, यात तुमची काई चूक नाई. तुमाले कळाले रस्ताच नव्हता."

नत्थूजी त्या अक्षरांकडे पाहत राहिले. वाचता येत नसतानाही पाहत राहिले.

"ते वासरू आठवडाभर बी जगलं नाई," ते शेवटी म्हणाले. "तवाच माह्या घरी नवी सून आलती. बायकायनं म्हणलं, तिचा पायगुण वाईट. अजून म्हणतात. पोरगी गोठ्याकडं जात नाई मंगपासून."

डॉक्टर कडू खिडकीबाहेर पाहू लागले.

नत्थूजींनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "याचा कागद निघते का?"

धुरपतानं प्रिंटर लावला. करकर आवाज करत कागद बाहेर आला. नत्थूजींनी तो घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि अध्यक्षांकडे वळले. "महादेवराव, हे घ्या. दुसऱ्या कोणाच्या सुनेवर हे नाई आलं पायजे."

त्यानंतरची बोलणी खरं तर प्रभाकररावांच्या हातची होती. त्यासाठीच ते चांगला सदरा घालून आले होते. पण नलू बोलत होती आणि ते तोंड मिटून बसले होते. केंद्राकेंद्रावर बिल्ल्याचा नंबर लिहिल्याशिवाय सुई द्यायची नाही, ही अट तिनं घातली. कंपाउंडरांना शिकवायला धुरपता येईल आणि त्याचा वेगळा मेहनताना पडेल, हे तिनं सांगितलं. कागदावर नाव आमच्या कंपनीचं राहील, हेही. महादेवरावांनी पान गालात सरकवत विचारलं, "पण हे दुसऱ्या तालुक्यायले तं नाई देणार ना तुमी? आमच्याच संघाले ठेवा."

प्रभाकररावांनी त्या जागी 'छे छे' म्हटलं असतं, आणि महिन्याभरानं शेजारच्या तालुक्यात जाऊन विकलं असतं.

"देऊ ना," नलू म्हणाली. "तुमची गाय उद्या हिंगणघाटात इकल्या गेली, तं तिथं बी तिचा बाप माहीत पायजे. जितके संघ घेतीन तितकं तुमचंच काम पक्कं."

महादेवरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली. मग महादेवरावांनीही हलवली.

बाहेर आल्यावर गोधड्या बांधायचं निमित्त करून प्रभाकरराव खाली वाकले आणि बराच वेळ गाठी मारत राहिले. शेजारी नलू धुरपताला म्हणत होती, "नागपूरवाल्यायले आजच लिवून टाकू." धुरपता नुसती हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

धुरपता डॉक्टरांबरोबर केंद्रं पाहायला आर्वीतच थांबली. मशीन परत पोचवायला प्रभाकरराव नलूसोबत दुपारच्या वर्ध्याच्या गाडीत बसले. गाडी डेपोतून निघाली, पुलगावच्या रस्त्याला लागली, तोवर नलूला झोप लागली होती. डोकं खिडकीच्या दांड्याला, एक हात मशीनच्या गाठोड्यावर.

पलीकडच्या बाकावर पागोटेवाला एक म्हातारा बसला होता. मांडीवर कोंबड्याची टोपली. त्यानं गाठोड्याकडे पाहून विचारलं, "काय हो त्यात?"

प्रभाकरराव ढोले रस्त्यात कोणाला बाजारचा भाव सांगत नसत. घरचं तर नाहीच. पण त्या दिवशी ते म्हाताऱ्याकडे वळून बसले.

"माह्या बहिणीनं बनवलेली चीज आहे," ते म्हणाले. "म्हणजे मशीन नाई तिनं बनवली. मशिनीच्या डोक्यात जे आहे, ते. तालुक्यातल्या सगळ्या गाईची सोयरीक आहे यात. कोणती कोणाची लेक, कोणती कोणाची नात. नंबर सांगा, का सांगते."

म्हाताऱ्यानं गाठोडं नीट पाहिलं. "अन् म्हशी?"

"म्हशी बी होईन," प्रभाकरराव बेधडक म्हणाले. "अमरावतीपरेंत जाईन हे. नागपूरवाले मांगून राह्यलते, आमी नाई देलं. हे जे झोपली आहे ना, हिनं लिवलं सगळं. हे अन् पवनारची एक पोरगी, दोघीनं."

मग तो प्रोग्राम कसा चालतो तेही त्यांनी सांगितलं. त्यातलं निम्मं चुकलं असावं. मध्येच त्यांना वाटलं की नलूच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. जागी असेल तर ती आता डोळे उघडून चूक दुरुस्त करील, म्हणून ते क्षणभर थांबले. तिनं डोळे उघडले नाहीत.

"मंग?" म्हातारा म्हणाला.

"मंग काय, ऐका ना," प्रभाकरराव म्हणाले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगू लागले.